डबा तोच, चहा दुसरा

पत्र, थोडक्यात

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंचं हे पत्र. वय सत्तेचाळीस. घरात त्या, त्यांचे यजमान आणि शहात्तर वर्षांच्या सासूबाई. मुलगी रत्नागिरीला कॉलेजात, तिथेच वसतिगृहात. नारळ-सुपारीचं आगर आणि यजमानांची वायरिंगची कामं यावर घर चालतं, त्यामुळे पैसा येतो तो थांबून थांबून. मुलीचा खर्च सुरू झाल्यावर ताईंनी वाणसामानाची यादी आवळायला घेतली. या घरात चहा, अंगाचा साबण, मीठ, टूथपेस्ट, धुण्याची पावडर असं सगळं वर्षानुवर्षं ठरलेल्या नावाचंच येतं. ताईंनी सुरुवात चहापासून केली. स्वस्तातली पूड आणून जुन्या डब्यात भरली आणि कोणाला सांगितलं नाही. तीन आठवडे सगळे तोच चहा पीत होते, कुणी हूं की चूं केलं नाही. मग सासूबाईंना मागच्या पडवीत रिकामी पुडी सापडली. त्या दिवसापासून ‘हा चहा कडू लागतो’ म्हणून त्या घरी चहा घेत नाहीत, शेजारी जाऊन घेतात. वाडीत बोलणं झालं. यजमान म्हणतात, नसती उठाठेव कशाला केलीस. मुलगी म्हणते, आजीचा हट्ट आहे, आपण कंपन्यांना उगाच पैसे वाहतो.

पत्रात जाता जाता असंही आलं आहे की सासरे मुंबईला गिरणीत होते. गणपतीला आणि शिमग्याला येताना ट्रंकेतून हीच पूड आणि हमामच्या वड्या आणायचे. ब्याऐंशीच्या संपानंतर ते गावी परतले. ‘दूध परवडायचं नाही, गूळ घालून कोरा चहा प्यायलो, पण पूड तीच आणली,’ असं सासूबाई अजून सांगतात. आणि अगदी शेवटी ताई लिहितात, ‘माझं म्हणाल तर केसांच्या तेलाबाबत मी तडजोड करत नाही, मला निळी बाटलीच लागते. पण ते वेगळं.’

त्यांचे प्रश्न असे: तीन आठवडे चाललेला चहा एका दिवसात कडू होतो का? ही निष्ठा म्हणायची की हट्ट? यादीतलं काय बदलावं, काय ठेवावं? आणि वाडीतलं दुकान सोडून महिन्याचा माल चिपळूणच्या मोठ्या मार्टमधून आणावा का?

उत्तर

ताई,

चहा एका दिवसात कडू होतो का, या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे. सासूबाई सोंग करत नाहीत, एवढं आधी मनाशी धरा, म्हणजे पुढचं सोपं जाईल. अमेरिकेत १९६४ साली ॲलिसन आणि उल या दोन अभ्यासकांनी बिअर पिणाऱ्यांना घरी बाटल्या पाठवल्या, आधी बिनलेबलाच्या आणि मग लेबल लावलेल्या. लेबल नव्हतं तेव्हा बहुतेकांना आपली नेहमीची बिअर ओळखता आली नाही. लेबल दिसलं तेव्हा मात्र बहुतेकांनी आपल्याच बिअरला भरभरून गुण दिले. तुम्ही यातला पहिला अर्धा भाग धरून बसला आहात: ओळखता आलं नाही ना, मग हट्ट कशाचा? पण उरलेला अर्धा भागही तेवढाच खरा आहे. नाव कळल्यावर चव बदलते, आणि पिणाऱ्याला ती खरोखरच बदललेली लागते. आपण नुसत्या जिभेने चाखत नाही.

दुसरं उदाहरण तर तुमच्या घरच्या प्रसंगाच्या फारच जवळचं आहे. १९८५ च्या एप्रिलमध्ये कोका-कोलाने आपल्या पेयाची जुनी कृती बदलून नवी आणली. त्याआधी जवळजवळ दोन लाख लोकांना चव देऊन पाहिली होती, नाव न सांगता, आणि कौल नव्या चवीच्या बाजूने होता. तरीही जुनं पेय बंद झाल्यावर लोक इतके चिडले की तीन महिन्यांच्या आत, जुलैमध्येच, कंपनीला ते परत आणावं लागलं. नवं आवडतं का, हे विचारलं होतं. जुनं काढून घेतलं तर चालेल का, हे कोणी नीट विचारलं नव्हतं. तुमच्या घरीही बिनसलं ते इथेच.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, जे लिहून तुम्ही सहज पुढे गेलात. मी मात्र तिथे बराच वेळ थांबले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते, आणि त्यांतल्या किती घरांच्या चुली आपल्या कोकणात होत्या हे तुम्हाला मी सांगायला नको. मनीऑर्डरवर चालणारी घरं होती ती. मुंबईहून येणारी ट्रंक हा वर्षातला मोठा क्षण असायचा: कापड, खाऊ, साबणाच्या वड्या, चहाची पूड. ट्रंक उघडली की साबणाचा वास आधी यायचा, असं त्या पिढीच्या कितीतरी बायकांच्या तोंडून मी ऐकलं आहे. मग मनीऑर्डर थांबली, माणूस घरी आला तो रिकाम्या हातांनी. त्या दिवसांत दूध सुटलं, साखर सुटली, पूड तेवढी राहिली. तुमच्या सासूबाईंनी काय काय सोडलं असेल आणि काय धरून ठेवलं असेल, याचा विचार करा. ती पूड म्हणजे त्यांच्या नवऱ्याची कमाई होती तेव्हाची खूण आहे, आणि ती थांबल्यावरही घर मोडलं नाही याचीही. तुम्ही डब्यात दुसरी पूड भरलीत तेव्हा यातलं काहीच तुमच्या मनात नव्हतं, हे मला कळतं. लेकीची फी होती. पण पडवीत ती पुडी सापडली तेव्हा त्यांच्या मनात हे सगळं आलं असणार, आणि त्याच्यावर एक भर: या घरात आपल्याला न विचारता, आपल्यापासून लपवून गोष्टी बदलतात.

म्हणून माझं म्हणणं असं की चहा या हिशोबातून बाहेर काढा. त्यांची पूड परत आणा. आणून गुपचूप डब्यात भरू नका. पुडी त्यांच्या हातात द्या आणि सरळ सांगा, ‘आई, पोरीच्या फीसाठी पैसे वाचवायचे म्हणून मी पूड बदलली होती. तुम्हाला विचारायला हवं होतं. ही तुमची पूड.’ एवढंच. ‘पण तुम्हाला तीन आठवडे कळलं का?’ हे वाक्य कितीही ओठांवर आलं तरी गिळून टाका. ते खरं आहे आणि त्याने काहीही भलं होणार नाही.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट करा, जी मला चहाच्या पुडीहून महत्त्वाची वाटते. खर्चाची वही त्यांच्यापुढे ठेवा. गुळाच्या कोऱ्या चहावर घर तारून नेलेली बाई तुमच्या घरात बसली आहे, आणि काटकसर कुठून करायची हे तुम्ही एकटीने ठरवताय. नातीच्या शिक्षणासाठी कुठे हात आखडायचा हे त्यांना विचारा. कदाचित त्या स्वतःच म्हणतील की मला एकटीपुरती ती पूड आणा, बाकीच्यांना दुसरी चालेल. कदाचित नाही म्हणणार. दोन्ही चालेल, कारण चहातून वाचणारी रक्कम तरी केवढी? समजा, तुमच्या घरी महिन्याला पाऊण किलो पूड लागते आणि दोन पुड्यांत किलोमागे १०० रुपयांचा फरक आहे. महिन्याला ७५ रुपये झाले. वाईट नाहीत. पण शहात्तर वर्षांची बाई सकाळी उठून दुसऱ्याच्या दारी चहाला जाते, या किमतीला ते महाग आहेत.

(यजमानांसाठी आणि स्वतःसाठी स्वस्तातली पूड चालू ठेवणार असाल तर एक पाहा. बारीक, भुकटीसारखी पूड दाणेदार पुडीपेक्षा लवकर आणि दाट उतरते. जुन्याच चमच्याने घालून जुन्याइतकीच उकळली तर ती खरंच कडवट होते. कमी घाला, कमी उकळा. आणि सुटी पूड घेत असाल तर चिमूटभर पांढऱ्या टिपकागदावर पसरून पाणी शिंपडा, मग कागद नळाखाली धुऊन उजेडात बघा. कागदावर रंगाचे डाग उरले तर पुडीला वरून रंग दिलेला आहे, ती घेऊ नका.)

आता उरलेली यादी. तुम्ही सगळ्या वस्तूंना एकाच दाव्याला बांधलंत: ‘आमच्या घरात ब्रँडचं वेड आहे.’ मला तसं दिसत नाही. चहा आठवणीसाठी येतो. मीठ बहुधा केवळ सवयीने येतं, कारण त्यावर कोणी कधी विचारच केलेला नाही. धुण्याची पावडर कधीतरी कोणाच्या तरी शब्दावर आली आणि राहिली. तुमचं तेल खात्रीने येतं, निदान तुम्हाला तसं वाटतं. प्रत्येक वस्तूपुढे ती का येते हे लिहून बघा, सगळ्यांनी मिळून. आठवणीच्या वस्तू एक-दोनच निघतील. त्या ठेवा आणि त्यांच्यावरून वाद घालू नका. सवयीच्या वस्तू जास्त निघतील, आणि पैसे तिथे वाचतात. कुणाचं मन न दुखवता वाचतात.

साबणाचं पाहू, कारण तुमच्या पत्रात तो ‘टाटांचा हमाम’ म्हणून आला आहे. एके काळी तो होताच टाटांचा, टाटा ऑइल मिल्सचा. पण १९९३ मध्ये ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली, आणि तेव्हापासून हमाम लिव्हरचा आहे. म्हणजे ज्या नावावर विश्वास ठेवून वडी येते, ते नाव कंपनीवरून जाऊनही तीस वर्षं उलटली. साबण त्यामुळे वाईट ठरत नाही. मी एवढंच म्हणते की मालक बदलतो, कृती बदलते, वजन बदलतं, आणि वेष्टनाचा रंग मात्र सांभाळून ठेवला जातो, कारण आपण रंग बघून उचलतो. आपण निष्ठा ठेवतो, समोरून तशी निष्ठा येईलच याची हमी नसते.

म्हणून वडी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायची. ‘टीएफएम’ असं लिहून पुढे टक्के दिलेले असतात. साबणात स्निग्ध पदार्थाचा अंश किती, हे त्यावरून कळतं. भारतीय मानकाप्रमाणे अंगाच्या साबणाच्या तीन प्रती आहेत: पहिल्या प्रतीला निदान ७६ टक्के, दुसरीला ७०, तिसरीला ६०. ‘टॉयलेट सोप’ऐवजी ‘बाथिंग बार’ लिहिलेलं असेल तर त्याला ४० टक्केही पुरतात. ग्लिसरीनच्या पारदर्शक वड्यांना हा हिशोब तसाच्या तसा लावता येत नाही, पण नेहमीच्या रंगीत वड्यांना लावायला हरकत नाही. दुकानात पाच मिनिटं उभं राहून चार वड्या उलटून पाहिल्यात तर दिसेल की जाहिरातीतल्या महाग वडीवर आकडा कमी आणि खालच्या फळीवरच्या साध्या वडीवर जास्त, असंही असतं.

तुम्ही किनाऱ्याजवळ राहता, म्हणून आणखी एक सांगते. मे महिन्यात आपल्याकडच्या कितीतरी विहिरी मचूळ होतात. त्या पाण्यात कुठल्याच साबणाला फेस येत नाही, अंगावर चिकट साय धरते, आणि आपण म्हणतो हल्ली साबणात राम राहिला नाही. पाऊस पडून विहीर गोडी झाली की तोच साबण पुन्हा चांगला वाटतो. तेव्हा कुठलाही साबण, पावडर किंवा चहा ‘बिघडला’ असं ठरवण्याआधी पाण्याची चव घ्या. आणि वडी पाणी साचणाऱ्या बशीत ठेवत असाल तर ती भोकं असलेल्या साबणदाणीत ठेवा. वडी विरघळून जाते त्यात जेवढे पैसे जातात, तेवढे कधी कधी ब्रँड बदलूनही वाचत नाहीत.

किमतीबद्दल आपल्या डोक्यात जे असतं ते फार लवकर जुनं होतं. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांचं तर उघडच आहे: किंमत तीच राहते, आतलं वजन उतरतं. उलटही घडतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांच्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. कराच्या हिशोबाने १०० रुपयांची वस्तू साधारण ८९ ला यायला हवी. तुमच्या नेहमीच्या वस्तूच्या बाबतीत तसं झालं का, की वजन-किमतीचा मेळ बदलून ती तिथेच राहिली, हे वेष्टनावरच कळेल. तुलना करायला आता एक सोय आहे. २०२२ पासून पाकिटावर छापील किमतीजवळ एका ग्रॅमची किंवा एका मिलिलिटरची किंमतही छापायची असते. वस्तू किलो-लिटरच्या वर असेल तर किलोची किंवा लिटरची. छोटी अक्षरं असतात, पण त्याच एका आकड्याने दोन वस्तू शेजारी ठेवता येतात. मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा. ‘१०० ग्रॅम मोफत’, ‘दोनावर एक’ वगैरे मजकूर त्या वेळी वाचायचाच नाही.

मिठाला फार वेळ देत नाही. खाण्याच्या आयोडीनयुक्त मिठात ग्राहकापर्यंत पोहोचताना दर दहा लाख भागांत निदान १५ भाग आयोडीन असायला हवं, हा नियम सगळ्याच कंपन्यांना सारखा आहे. स्वस्तातलं सीलबंद आयोडीनयुक्त मीठ बिनधास्त आणा, बरणी घट्ट बंद ठेवा, कारण आपल्या दमट हवेत आयोडीन लवकर उडतं. आमसुलं, लोणचं, खारवलेली मासळी यांना लागतं ते जाडं मीठ वेगळं, ते तुम्ही आणतच असाल. टूथपेस्टचंही थोडक्यात तेच: फ्लोराइड आहे का आणि किती, हे नळीवर असतं, ‘१००० पीपीएम’च्या आसपास आकडा दिसला की दात किडण्यापासून वाचवायचं मुख्य काम ती करणार. उरलं ते चवीचं आणि फेसाचं.

धुण्याच्या पावडरीत मात्र खरा फरक असतो, आणि तो घरीच तपासता येतो. एखादं जुनं पांढरं धोतर फाडून त्याचे दोन तुकडे करा. दोन्हींवर माशाच्या कालवणाचा एकेक थेंब आणि कोकमाच्या आगळाचा एकेक डाग पाडा, रात्रभर वाळू द्या. सकाळी दोन बादल्यांत सारखं पाणी, सारखी मापून पावडर, एकीत नेहमीची, दुसरीत स्वस्तातली. अर्धा तास भिजवून सारखंच चोळा. कुठली कुठली हे धुणाऱ्याला माहीत नसू द्या. मुलगी सुट्टीला आली की हे काम तिच्याकडे द्या. फरक दिसला नाही तर स्वस्तातली. दिसला तर नेहमीचीच, आणि मग ती सवयीने न राहता खात्रीने राहील. अशी चाचणी खाण्याच्या वस्तूंचीही करता येते. तीन वाट्या, दोहोंत एक आणि तिसरीत दुसरी वस्तू, आणि वेगळी कुठली ते ओळखायचं. दोनांपेक्षा तीन वाट्या बऱ्या, कारण नशिबाने बरोबर येण्याची शक्यता त्यात कमी होते. पण हे सगळ्यांच्या राजीखुशीने करायचं, कुणाला हरवायला नाही.

सुरुवात तुमच्या तेलापासून करा.

‘पण ते वेगळं,’ असं तुम्ही लिहिलंत. ताई, ते वेगळं नाही. सासूबाईंना जे पुडीबद्दल वाटतं तेच तुम्हाला बाटलीबद्दल वाटतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुम्हाला ती बाटली कोणी पहिल्यांदा दिली, आईने की आणखी कोणी, हे आठवून पाहिलंत तर सासूबाईंशी बोलायला कदाचित ते जास्त उपयोगी पडेल. बाकी वस्तू म्हणून बोलायचं, तर खोबरेल तेलाच्या निळ्या बाटल्यांवर बहुधा ‘खाद्यतेल’ असंच छापलेलं असतं. छोट्या पॅकमधलं शुद्ध खोबरेल खाद्यतेल की केसांचं तेल, हा कराचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टाने त्याला खाद्यतेल म्हणूनच धरलं. ‘हेअर ऑइल’ म्हणून येणाऱ्या कितीतरी सुगंधी बाटल्यांत मात्र खनिज तेलाचा मोठा वाटा असतो. मागे ‘लिक्विड पॅराफिन’ किंवा ‘मिनरल ऑइल’ दिसलं की ओळखा. तेव्हा तुमची पसंती वाईट नाही. पण तुमच्या आगरात नारळ आहेत. तुम्ही नारळ विकता आणि तेल बाटलीतून विकत घेता. खोबरं कडकडीत वाळवून जवळच्या घाण्यावर दोन-तीन किलो काढून बघा. खोबऱ्यात ओल राहिली तर तेल महिन्याभरात खवट होतं, म्हणून हे काम पावसाआधी, उन्हात करायचं, आणि तेल कोरड्या काचेच्या बरणीत ठेवायचं. खोबऱ्याची किंमत आणि काढणावळ धरूनच हिशोब करा. नारळाला भाव चढलेला असेल त्या वर्षी नारळ विकून बाटली घेणंच परवडेल. ते वहीत मांडल्याशिवाय कळणार नाही.

एका बाबतीत मात्र स्वतःहून काही बदलू नका. सासूबाईंना रक्तदाबाच्या, साखरेच्या, थायरॉइडच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील, तर स्वस्तातला पर्याय डॉक्टरांना विचारूनच. जनऔषधी केंद्रातली जेनेरिक औषधं खूप स्वस्त पडतात आणि डॉक्टरांनी होकार दिला तर जरूर घ्या. घरातली सगळ्यात मोठी बचत कदाचित तिथेच सापडेल. पण चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि गोळी बदलल्याचं सासूबाईंना दाखवून सांगा. गोळीचा रंग बदलला की म्हातारी माणसं ती जुन्या गोळीबरोबर दुप्पट घेतात किंवा घाबरून सोडून देतात.

राहिला मार्टचा प्रश्न. मोठं पॅक स्वस्त पडतं, हे आपल्याकडे अर्धं वर्षच खरं असतं. जून ते सप्टेंबर धुण्याच्या पावडरीचे गोळे होतात, बिस्किटं मऊ पडतात, पुडीचा वास जातो, रवा-बेसनात किडे होतात. पावसाळ्यात छोटी पॅकं, उघडल्याबरोबर कोरड्या बरणीत, आणि बेगमी करायचीच तर मे महिन्यात वाळवून ठेवलेल्या कडधान्यांची आणि मसाल्याची. गुहागरहून चिपळूण पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. जाण्यायेण्याचं भाडं, मोडलेला दिवस, आणि मार्टमध्ये यादीबाहेरचं जे टोपलीत पडतं ते, असं सगळं धरून एकदा हिशोब करा.

वाडीतला दुकानदार तुम्हाला शंभर ग्रॅम जिरं देतो, जाळी लागलेला रवा परत घेतो, आणि आगराचे पैसे यायचे असतील तेव्हा वहीवर मांडून ठेवतो. तुमचं उत्पन्न थांबून थांबून येणारं आहे. त्या वहीची किंमत कुठल्याही मार्टच्या सवलतीत धरलेली नसते. माझ्या मते घराच्या निष्ठेचा मोठा वाटा अशा माणसाकडे जायला हवा, ज्याला तुमचं नाव माहीत आहे. पण त्यालाही गृहीत धरू देऊ नका. छापील किंमत ही जास्तीत जास्त असते, तिच्याहून कमी घ्यायला त्याला कोणी अडवलेलं नाही. तेल, तांदूळ, डाळी असा जड माल तीन-चार घरांनी मिळून दोन महिन्यांतून एकदा चिपळूणहून रिक्षा-टेम्पोने आणा, भाडं वाटून घ्या. बाकीची यादी वाडीतल्याच दुकानात द्या, रोज सुटंसुटं न घेता महिन्याची एकदम. आणि रोख देणार असाल त्या महिन्यात यादी पुढे करण्याआधीच विचारा, ‘छापील किमतीवर किती सोडाल?’